ओढ्याकडचं निम्मं रान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी पगारापासून पोटदुखीपर्यंत सगळं सांगत आलोय. आजच का सांगतोय? ठाऊक नाही. बसा जरा.

माझ्या नावामागं डॉक्टर लागलंय ते जीवशास्त्राचं. बेळगावात लोक अजून नाडी दाखवायला येतात, ते जाऊ द्या. पदवीच्या अटी साध्या होत्या — मार्गदर्शकाच्या हाताखाली काही वर्षं स्वतःचं संशोधन, त्यावर प्रबंध, शेवटी तोंडी परीक्षा. माझा विषय, तंबाखूचं पान खाणारी अळी. ती किती नुकसान करते हे दाखवायचं तर रानाचे दोन तुकडे हवेत. एकातल्या अळ्या वेचायच्या, दुसऱ्याला हात लावायचा नाही. दुसरा तुकडा नसेल तर प्रबंध पाठवूच नका, असं मार्गदर्शकांनी बजावलं होतं. आता मला सांगा, उभं पीक अळ्यांना कोण खाऊ घालील?

आक्का घालील. माझी थोरली बहीण, निपाणीजवळच्या खेड्यात दिलेली, लवकर विधवा झालेली. तिचं तंबाखूचं रान होतं आणि काशी नावाची एक मुलगी, लई हुशार. लढाईमुळं सगळं महागलं होतं, तरी यंदाच्या तंबाखूवर काशीला बेळगावच्या हायस्कुलात घालायचं, हे आक्कानं ठरवून टाकलं होतं. हे मला माहीत होतं — ते आधीच सांगून ठेवतो.

खरं सांगून रान मागता आलं असतं. कदाचित नाही म्हणाली असती. तेवढा धोका मला नको होता. म्हणून म्हणालो, ही अळी चार भोकं पाडते, पण त्यानं पिकाचं काही बिघडत नाही, ओढ्याकडच्या निम्म्या रानातल्या वेचू नकोस. "व्हय? मग आमी उगंच कंबर मोडून घेतोय की," एवढंच ती म्हणाली.

त्या निम्म्या रानाची चाळण झाली. मी भोकं मोजत होतो आणि खुशीत होतो — हो, खुशीत. व्यापाऱ्यानं ते पान बाजूला काढलं. आक्का म्हणाली, ओढ्यावरच्या धुईनं, धुक्यानं गेलं. मी मान डोलावली. काशीचं हायस्कूल वर्षभर पुढं गेलं.

इथवरच असतं तर मी आज बोललोही नसतो.

पुढच्या दिवाळीला गेलो. प्रबंध देऊन झाला होता, त्यात 'शेतमालकाच्या संमतीने' असं लिहिलं होतं, तोंडी परीक्षा राहिली होती. आक्कानं मला बांधावर नेलं. ओढ्याकडं, रस्त्याकडं, सगळ्या रानात अळ्या.

"औंदा एक बी वेचली न्हाय बघ. शेजारणी हसत्यात. म्हटलं, माझा भाऊ शिकलाय त्यातलं."

पीक अजून हातचं गेलं नव्हतं. तिघं वाकलो असतो तर बरंचसं वाचलं असतं. एक वाक्य पुरलं असतं — पण ते वाक्य म्हणजे, गेल्या वर्षी मी खोटं बोललो. परीक्षकांची भीती नव्हती. त्यांना कोण सांगणार होतं? भीती आक्काची होती. मी म्हणालो, चांगलं केलंस. प्रबंधाला एकच हंगाम लागत होता. दुसरा मी माझं तोंड झाकायला घेतला.

परीक्षकांनी विचारलं, निम्मं रान तसंच सोडायला शेतकरी तयार कसा झाला? विश्वासानं, म्हणालो. उत्तर त्यांना आवडलं.

पदवी घेऊन गेलो तेव्हा गल्ली गोळा झाली होती. आक्का विधवा, म्हणून ओवाळायला काशी आली. तंबाखूच्या वखारीत पान निवडायला जायची ती तेव्हा. हायस्कुलाचं नाव घरात पुन्हा निघालं नव्हतं. तिच्या हातांना वखारीचा वास होता. आक्का म्हणाली, मामाच्या पाया पड गं.

ती वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.