लोणारजवळचा हंगामसण आणि लिलावात गेलेला एक दिवस

उषाताई, माझी मोठी नणंद, नर्स म्हणून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिच्या हातांना कंप सुटला. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "देवानं हात काढून घेतले, मग मले ठेवलं काऊन?" रविवारच्या उपासनेलाही यायची थांबली. मी दहावी झालेली बाई, तिच्यासाठी पोळ्या लाटत राहिले. लोणारजवळच्या खेड्यातून चुलतभावाचं हंगामसणाचं बोलावणं आलं, तेव्हा तिला जवळजवळ ओढतच नेलं.

खामगावहून सकाळच्या एसटीनं मेहकर, तिथून लोणार, पुढे ऑटो. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे दोघींचा जाण्यायेण्याचा खर्च चारशेच्या आत बसला. दशम्या आणि तिळाची चटणी घरूनच नेली होती, मेहकरच्या स्टँडवर फक्त चहा घेतला. रस्ता मधेमधे खराब आहे, पाठ दुखत असेल तर मागच्या सीटवर बसू नका. सोयाबीन निघून गेलं होतं आणि तूर पिवळी फुलली होती.

ज्यांना हंगामसण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पीक घरात आलं की आम्ही ख्रिस्ती लोक त्यातला पहिला वाटा देवापुढे ठेवतो. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामाला जातात. वेदीपुढे ज्वारी, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता, तो प्रार्थनेतही गप्प बसत नव्हता. पण या गावची एक रीत मी पहिल्यांदाच पाहिली. ज्याला शेत नाही तो आपला एक दिवस वाहतो. एक सुतार उठला, "माहा एक दिवस" म्हणाला, आणि बोली लागली. ज्यानं दिवस घेतला त्याच्या घरची दारं तो नीट करून देणार.

तेवढ्यात उषाताई उभी राहिली. हात पदराखाली, पण पदरच हलत होता.

"माह्याकडंबी शेत नाही. माहा एक दिवस घ्या."

लिलाव करणारे मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे पंच, म्हणाले, "सिस्टरबाईचा एक दिवस. बोला."

कोणी बोलेना. मागून एक बाई हळूच म्हणाली, "पण काय करून देतीन त्या?"

"ते मलेबी माहीत नाही," उषाताई म्हणाली.

वडिलांनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिची मान खाली गेली. आपणच बोली लावावी म्हणून मी तोंड उघडलं, तर तिनं डोळे वटारले. "तू नको."

मग कोपऱ्यातून सरूबाई नावाची म्हातारी म्हणाली, "पन्नास. अन् दोन भोपळे."

"सरूमाय, भोपळे त तू आधीच वाहिले न. देवाचे भोपळे देवालेच देऊन राह्यली काय?" वडील म्हणाले, आणि सगळे हसले.

"बरं मग, शंभर. माह्या बुढ्याजवळ कोणी बसत असन त मले सरोवर पाहाचं हाय. तो खाटेवर पडला तवापासून उपासनेबिगर मी दाराबाहेर पडली नाही."

दुसऱ्या दिवशी उषाताई सरूबाईच्या नवऱ्याजवळ थांबली आणि मी सरूबाईसोबत सरोवरावर गेले. जाणार असाल तर सकाळीच जा. पाणी सोबत न्या, चप्पल पकड असलेली घाला, आणि खायचं हातात धरू नका, माकडं हिसकतात. झुडपांतून चालता चालता एकदम जमीन संपते आणि खाली केवढा तरी खोल गोल खड्डा, उतारावर रान, तळाशी हिरवं पाणी. आकाशातून दगड पडून हे झालं म्हणतात. सरूबाई काठावर बसली, पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "एवढं हाय हे. मी विसरलीच होती." माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. ज्याचं काम एवढं, त्याला माझ्या पोळ्या आणि उषाताईचे हात कशाला हवेत, या विचारानं भीतीच वाटली.

दुपारी परतलो. दारातूनच दिसलं, उषाताई म्हाताऱ्याला वरणभात भरवत होती. त्याचा एक हात वर होतो, पण बोटं मिटत नाहीत, चमचा धरता येत नाही. तिच्या हातात चमचा होता, पण थरथरत होता. त्यानं आपला तळवा तिच्या हातावर टेकवला होता. त्या वजनानं तिचा कंप थांबत होता, आणि दोघांचे हात मिळून घास तोंडापर्यंत जात होता. थोडं हनुवटीवर सांडायचं.

"हळू, सिस्टर."

"तुम्हीच हळू. कोणाले घाई हाय इथं?"

सरोवराच्या काठावर मी उभी राहिले होते. त्या उंबऱ्यावर मात्र मी खाली बसले, आणि प्रार्थना आपोआप आली.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. पोळ्या लाटताना मला तो तळवा आठवतो. देव आपल्याकडून चांगलं काम मागतो असं मी आजवर धरून चालले होते. त्यानं तर फक्त दिवस मागितला, आणि त्या दिवसात जे कमी पडलं ते दुसऱ्या एका अधू हातातून पुरवलं. यापलीकडे मला समजावता येत नाही.

गेल्या रविवारी उषाताई उपासनेला आली. बाहेर पडताना म्हणाली, "सरूबाईले पोरीकडं जाचं हाय. मी येते म्हणून सांगितलं."

"किती दिवसांसाठी?"

"ते मी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि चपला घालू लागली.