मांडवातली वायर

आमच्या खिडकीसमोर वीज कंपनीचं ऑफिस आहे. पगारवाढीचा करार अडलाय, म्हणून कामगार गेटबाहेर मांडव घालून बसलेत. दिवसभर कर्ण्यावरून कंपनीचा उद्धार चालतो. मी अगदी वैतागून गेले होते.

काल दुपारी कंपनीतर्फे कराराची बोलणी करणाऱ्या इंजिनिअर बाई स्वतः गेटवर आल्या. घोषणा एकदम चढल्या. युनियनच्या पुढाऱ्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि आपला माइक बाईंपुढे धरला. “घ्या मॅडम, मागच्यांना ऐकू जात नाही.”

बाई म्हणाल्या, “वाढ देणार आहोत. पण तुम्ही मागताय तेवढी एकदम जमणार नाही. तो बोजा लोकांच्या बिलावर पडेल. खोटा शब्द देऊन मी तुम्हाला इथून उठवणार नाही.”

टाळी कुणीच वाजवली नाही, पण मधे कुणी ओरडलंही नाही. आम्ही घरात भांडतो तेव्हा आधी समोरच्याचं तोंड बंद करतो, मग आपलं म्हणणं मांडतो. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटलं.

परत जाताना बाईंचा पाय वायरीत अडकला. माइकला वीज पुरवणारी ती वायर गेटखालून थेट कंपनीच्याच वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगमध्ये गेली होती. वॉचमन ओशाळला. “काढू का, मॅडम?”

“काढू नको. कुणी अडखळणार नाही अशी कडेला घे.”

त्याने वायर भिंतीलगत सरकवली. मांडवात घोषणा पुन्हा सुरू झाल्या, तितक्याच कर्कश. मी खिडकी लावायला उठले होते; तशीच उघडी ठेवली.