डोंगा उतरायची जागा

पावसाळ्यात आमची चूल नदीच्या मर्जीनं पेटायची. वैनगंगेला पूर आला की बा डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी, काढायचा नाही, आणि डोंगा निघाला नाही की मायची टोपली रिकामी. हिवाळ्यात खेड्याखेड्यातून मासे देऊन आणलेला धान आषाढातच संपलेला असायचा. मग कणीची पेज, वर मीठ-मिरची. बा दर दोन घंट्यांनी काठावर जाऊन यायचा आणि दारातच म्हणायचा, "नाही उतरलं." माय पेजेत आणखी तांब्याभर पाणी घालायची. माझ्या दप्तराला जाळ्याचा वास यायचा. शाळेत बाकावर शेजारी बसायला मुली कुरकुरायच्या, मी एकटी बसायची आणि पहिली यायची.

त्या एका डोंग्याच्या जोरावर बानं मला शिकवलं. शेती नाही, नोकरी नाही, दुसरं साधन नव्हतंच. मी बी.एस्सी. झाले. आमच्या ढिवर मोहल्ल्यात, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती, ना मुलानं ना मुलीनं. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आज मी आमच्याच शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते.

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यासमोरचा नदीकाठ नवा करायला घेतला. खरं सांगते, मला तो आवडला. आधी तिथं उकिरडा होता, रेतीचे ट्रॅक्टर होते, आणि दिवेलागणीनंतर बाईमाणसानं जावं असं ते ठिकाण नव्हतं. आता फरशी आली, बाकं आली, गोल गोल दिवे आले. लॅबमधून सुटले की मी मैत्रिणींसोबत तिथं एक चक्कर मारायची. दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळल्यावर नदीचा वारा बरा वाटतो. मी जन्मले नदीकाठी, पण नदीकाठी नुसतं बसायला मला पहिल्यांदा त्या बाकांनी शिकवलं.

पण त्याच कामात आमचा उतार गेला. मोहल्ल्यातून पाण्यात जायची मातीची एकच घसरण होती, तिच्यावरून सगळे डोंगे उतरायचे. तिथं भिंत आली, भिंतीवर स्टीलचं रेलिंग आलं. डोंगे पुलापलीकडून उतरवा, असं सांगण्यात आलं. लाकडी डोंगा उचलायला चार खांदे लागतात आणि पूल मोहल्ल्यापासून चांगला लांब आहे. रोज पहाटे चार खांदे कुठून आणायचे? पुलापलीकडे डोंगा रात्रीचा ठेवावा तर चोरीची भीती.

म्हणून बाचा डोंगा आमच्या आंगणात येऊन पडला. लाकडी डोंगा पाण्याबाहेर राहिला की वाळतो, आणि वाळला की तडकतो. नवा करायचा म्हटलं तर तसं लाकूड आता मिळत नाही आणि तो बनवणारा सुतारही राहिला नाही. म्हणून बा रोज सकाळी डोंग्यात पाणी भरायचा, वर ओलं पोतं टाकायचा, कडेनं हात फिरवून पाहायचा.

"डोंग्याले रोज आंघोळ," माय म्हणायची, "अन् मले बाल्टी मागितली तं म्हणे थांब."

"तू वाळून तडकशील का व?"

"तडकलीच आहो. पाहते कोण?"

उन्हाळा लागला तसं पाणी भरूनही पुरेना. बा दिवसभर डोंग्याजवळ बसून राहायचा. एका रविवारी मी म्हटलं, "बा, चाल. नदीवर फिरून येऊ."

"काय काम आहे?"

"काम नाही. फिरायले."

"कुठं जायचं मंग?"

"कुठंच नाही. तिथंच चालायचं अन् वापस यायचं."

त्याला हे पटलं नाही, पण तो उठला. धुतलेला सदरा घातला आणि खुंटीवरचं फेकायचं जाळं खांद्यावर टाकलं. मी म्हटलं, जाळं कायले? तो म्हणाला, "नदीवर रिकाम्या खांद्यानं जात नाही." आमच्या घरात हे खरंच पाळतात. मासे धरायचे असोत नसोत, ढिवरानं नदीसमोर रिकामं उभं राहू नये. मी लहानपणापासून पाहत आले होते, तरी त्या दिवशी माझ्या ध्यानातच आलं नाही की नव्या काठाच्या फाटकावर काय होईल.

फाटकावरचा चौकीदार लाखनीकडचा, बाच्याच वयाचा. त्यानं जाळं पाहिलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. मासेमारीस मनाई.

"भाऊ, जाळं आत नेता येत नाही."

"मी मासे धरायले नाही आलो. पोरीसंगं फिरायले आलो."

"मंग जाळं काहून आणलं?"

"तुम्ही वावरात विळा घेतल्याबिगर जाता का?"

"फिरायले जातो तेव्हा नाही नेत."

"तुम्ही वावरात फिरायले जाता?" बानं मनापासून विचारलं.

चौकीदार हसला. "नाही जात बापा. पण मले बोलणी बसतात. इथं खुर्चीवर ठेवा, कोणी हात लावणार नाही." बानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं जाळं खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून टाकलं, शिशाच्या गोळ्या जमिनीला लागणार नाहीत असं.

आम्ही चालू लागलो. बाची चाल फिरणाऱ्याची नव्हती, तो बाजाराला निघाल्यासारखा चालत होता. मी दोनदा म्हटलं, हळू. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला तो रामराम करायचा, आणि कानात वायर घातलेले लोक तसेच निघून जायचे. मधूनमधून त्याचा हात रिकाम्या खांद्यावर जायचा आणि परत यायचा.

सेल्फी काढायच्या मोठ्या अक्षरांजवळ तो थांबला. "काय लिहिलं?"

"आपल्या शहराचं नाव. अन् ते आवडते म्हून."

"कोणाले आवडते?"

"जो फोटो काढते त्याले."

"हं," तो म्हणाला आणि अक्षरांच्या मागे जाऊन रेलिंग धरून उभा राहिला. आमचा उतार तिथंच होता. अक्षरांसाठी ओटा बांधला होता, त्याच्यामागे भिंत सरळ पाण्यात गेली होती. बानं वाकून हात खाली सोडला. हात पाण्यापर्यंत पोचत नव्हता. नदीवर आलं की तो आधी ओंजळभर पाणी कपाळाला लावतो. त्या दिवशी त्यानं कोरडाच हात कपाळाला लावला.

तेवढ्यात प्रकल्पाचे इंजिनिअर तिकडून आले. ते रोज संध्याकाळी तिथं चालतात, मी त्यांना ओळखून होते. मी पुढं होऊन म्हटलं, "सर, आमच्या डोंग्यांचा उतार इथं होता."

"हो, कल्पना आहे. त्यांना पुलापलीकडची जागा सांगितली आहे ना."

बा म्हणाला, "साहेब, तुम्ही गाडी रोज पुलापलीकडे ठेवून घरी पायी जाता का?"

साहेब हसले, रागावले नाहीत. मग माझ्याकडे वळून आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हीच समजावून सांगा यांना."

हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलं आहे, रेशनच्या दुकानात ऐकलं आहे. दर वेळी ते बोलणारा मला आपल्या बाजूला ओढून घेतो आणि बा एकटा पलीकडे उरतो. मी म्हटलं, "सर, त्यांचं म्हणणं मला समजलं आहे. डोंगा वाळून राहिला आहे, पावसाळ्याआधी पाण्यात गेला नाही तर तडकेल. तुम्हाला हेच समजावून सांगायला थांबवलं."

ते म्हणाले, लेखी द्या, पाहू. मी दुसऱ्याच दिवशी दिलं. काही झालं नाही.

त्या संध्याकाळी परत येताना बानं खुर्चीवरचं जाळं उचललं, खांद्यावर टाकलं, आणि मागे दिव्यांकडे पाहून म्हणाला, "चांगली झाली बाई, तुमची नदी."

टोमणा असता तर मी उलटून बोलले असते. पण त्यात टोमणा नव्हता, तो खरंच मला शाबासकी देत होता. त्यानंतर मी बरेच दिवस त्या बाकांवर बसले नाही.

ज्येष्ठात डोंगा तडकला. तळाशी, वीतभर. बानं डांबर आणि चिंध्या भरून तो बुजवला. शेजारच्या काकांचा डोंगा मधोमध फाटला, त्याचं त्यांनी सरपण केलं. आता ते वीटभट्टीवर जातात.

मग गणपती आले. दरवर्षी मोठ्या मूर्ती मधल्या डोहात नेऊन बुडवायचं काम आमचेच लोक करतात. साहेब लोक डोंगे मागायला मोहल्ल्यात आले. आंगणात खुर्च्या टाकल्या, मायनं चहा केला, बाजूलाच ओल्या पोत्याखाली डोंगा.

"डोंगा आहे ना," बा म्हणाला. "न्या."

"न्या म्हणजे? तुम्हीच आणायचा."

"कुठून?"

इंजिनिअरसाहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, तेवढ्या दिवसापुरतं रेलिंग काढू, रेतीच्या पोत्यांचा उतार करून देऊ. मी म्हटलं, "देवाच्या दिवसापुरता उघडणार असाल तर या वर्षी डोंगे येतील. पुढच्या वर्षी मागायला आलात तर आंगणात सरपण दिसेल." बानं मान डोलावली. माझ्या बोलण्यावर त्यानं चारचौघांत मान डोलावलेली मी पहिल्यांदा पाहिली.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी वेल्डर रेलिंग परत बसवायला आला तेव्हा माय आणि मोहल्ल्यातल्या बाया त्या खिंडारात टोपल्या घेऊन मासे विकायला बसल्या होत्या.

"बाई, उठा ना, मले काम आहे."

"आमालेबी आहे," माय म्हणाली. "वाटा घ्या, ताजे आहेत."

त्यानं उभ्याउभ्या तंबाखूचा खर्रा खाल्ला, थोडा वेळ वाट पाहिली आणि निघून गेला. पुढचे दोन महिने बाया तिथंच बसत राहिल्या आणि मी लॅबमधून सुट्या काढून प्रकल्पाच्या ऑफिसच्या चकरा मारल्या. कधी साहेब नसायचे, कधी फाईल नसायची. बा प्रत्येक वेळी सोबत यायचा आणि जाळं दारातल्या शिपायाच्या खुर्चीवर ठेवायचा.

शेवटी मंजुरी निघाली. आता त्या रेलिंगला फाटक आहे, डोंगा जाईल एवढं रुंद, आणि खाली सिमेंटचा उतार आहे. फाटकाला कुलूप नाही. बाचा डोंगा पाण्यात आहे.