सगळ्या सळयांना एकच रंग

हिलाल मूळचा खानदेशातला. कापडाचा माग बंद पडल्यावर वर्षभर घरी बसला आणि मग भेस्तानच्या लोखंडाची ताकद तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये लागला. लोखंड ओढून तोडणारं मशीन आता त्याच्या हाती होतं. बैल गावीच राहिले, पण पोळा काही अंगातून गेला नव्हता. सत्त्याण्णव सालच्या पोळ्याला त्याने मशीन धुतलं, ओवाळलं आणि शिंगं रंगवावीत तशी मांडणीतल्या सगळ्या सळयांची टोकं लालभडक करून टाकली.

त्यातल्या एकीचं टोक आधी पिवळं होतं, ते खुणेसाठी. लॅबच्या सुकदेवसाहेबांनी कितीतरी लोखंड तोडून पाहून ती सळई निवडली होती. कुठूनही तुकडा कापा, तेवढ्याच जोराला तुटणार. मशीन खरं सांगतंय का, हे दर महिन्याला त्या सळईवरूनच ठरायचं.

पुढच्या महिन्यात तुकडा भलताच लवकर तुटला. हिलालने मांडणीकडे पाहिलं, सगळीच टोकं लाल. आपण कापली ती सळई कोणती, हे देवालाच ठाऊक.

"मशीन कमी दाखवतंय," साहेब म्हणाले, "काटा वर चढवू." आणि त्यांनी पाना उचलला.

काटा चढला की कच्चा हूकही पक्का ठरणार. टेबलावर बारडोलीकडच्या साखर कारखान्याला जायचे हूक पडले होते, उसाच्या मोळ्या उचलायचे. हंगाम तोंडावर आलेला, आणि हिलालचा पोरगा वाल्मिक त्याच मोळ्यांखाली कामाला. बोलावं तर नोकरी जाणार, आणि पुन्हा घरी बसायची हिलालला भयंकर भीती वाटत होती. साहेबांनी एक बोल्ट सैल केला. मग दुसऱ्याला पाना लावला.

एरवी हिलाल साहेबांशी जपून बोलायचा. आता घरचीच बोली तोंडातून निसटली.

"मशीन बरोबर शे, साहेब. चूक मनी शे."

मग चूक आपलीच कशी, ते त्याने सगळंच सांगितलं, पोळ्याचं आणि वाल्मिकचंही. साहेब तोंडाला येईल ते बोलले. बोल्ट पुन्हा आवळून ते कानस घेऊन एकेक टोक खरवडत सुटले, तेव्हा कुठे एका लालाखाली पिवळा निघाला. त्या सळईचा तुकडा नेहमीच्याच जोराला तुटला. मग साहेबांनी टेबलावरचा एक हूक मशीनवर चढवला. अर्ध्या जोरातच तो फाकला.

साहेब घाम पुसत खाली बसले.

"खाली तुझा पोरगा आहे म्हणून बोललास," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्याचा असता तर?"

'तरी बोललो असतो' म्हणायला हिलालने तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना. त्याने पिवळ्या रंगाचा डबा काढला आणि त्या सळईचं टोक पुन्हा रंगवायला घेतलं.