विश्वाच्या बाहेर उभं राहणार कोण?

"मॅडम, शेवटचं पान बदलवून घ्या," आमचे एचओडी म्हणाले. "एक्झामिनर को कन्क्लूजन चाहिए. इथं तर पोरीनं प्रश्न तसाच सोडून दिला."

दुसऱ्या दिवशी एम.एस्सी. फायनलची व्हायवा होती. मी तेव्हा गोंदियाच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. प्रोजेक्ट योगिताचा, गाइड मी. योगिता तिरोड्याकडची, शेतकरी घरातली. विषय तिचाच होता: अख्ख्या विश्वाच्या वेव्ह फंक्शनला काही अर्थ आहे का?

वेव्ह फंक्शन म्हणजे एक गणिती सूत्र. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे, हे ते सांगत नाही. मोजायला गेलो तर तो कुठे सापडण्याची शक्यता किती, तेवढं सांगतं. म्हणजे मोजणारा लागतो, आणि तो इलेक्ट्रॉनपासून वेगळा, बाहेरचा लागतो. काही शास्त्रज्ञ असंच सूत्र सगळ्या विश्वासाठी मांडतात. मग बाहेर उरतं कोण? योगिता इथं अडली होती.

फर्स्ट क्लास तिच्या अगदी हाताशी होता. तो मिळाला तरच घरचे पुढं शिकवणार होते. मी तिला एचओडींचं म्हणणं सांगितलं आणि ठरव म्हटलं.

"'अर्थ आहे' हे मलेच पटत नाही मॅडम, तं कायले लिहू?" ती म्हणाली. "अन् 'अर्थ नाही' असंबी लिहिता येत नाही."

पान तसंच राहिलं.

एक्झामिनर बाहेरगावचे, वयस्कर प्रोफेसर होते. त्यांनी प्रोजेक्ट उलटसुलट चाळला. "अर्थ आहे की नाही? एका शब्दात सांगा."

"सर, आमच्याकडच्या बोदलकसा तलावाचं पाणी काठावर उभं राहून मोजता येते," योगिता म्हणाली. "विश्वाले काठच नाही. म्हणून शक्यतेचा नेहमीचा अर्थ तिथं लागत नाही."

"मग 'नाही' लिहा."

"पण विश्वातलाच एक भाग घड्याळ म्हणून धरला, अन् त्याच्यावरून बाकीचे भाग कसे बदलतात ते पाहिलं, तं सूत्र कामी येते. कोणता भाग घड्याळ धरायचा, ते मात्र मले सापडलं नाही."

ते माझ्याकडे वळले. "गाइडचं काय मत?"

"मलाही सापडलेलं नाही, सर."

एचओडी खिडकीबाहेर बघू लागले. एक्झामिनर मात्र उठून फळ्याकडे गेले. खडू घेऊन तिच्याशी वाद घालायला लागले. ती घाबरत होती, पण मागे हटत नव्हती. बाहेर बाकीची मुलं ताटकळली. जाताना ते मला म्हणाले, "मुलगी विचार करते."

मार्क त्यांनी बेताचेच दिले. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला.

"बाबा म्हणतात, बस झालं आता," योगितानं येऊन सांगितलं. रडली नाही. मला मात्र त्या दिवशी लेक्चर घ्यावंसं वाटलं नाही.

तिनं एका खासगी शाळेत नोकरी धरली. त्या पगारावर बी.एड. केलं. नंतर सालेकसा तालुक्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायला लागली.

उत्तराला मार्क असतात. उत्तर अजून मिळालेलं नाही, हे नीट दाखवण्याला नसतात. पुढच्या बॅचपासून मी हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची. मग विषय निवडू द्यायची.