दोन्हीला चालेल असं काडतूस

चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ऐकता ऐकता ठसका लागेल. मी, म्हणजे जन्मात कधी अंड्याच्या केकलाही हात न लावलेला पुण्याचा माणूस, आयर्लंडात राहून रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला गेलो! नुसता गेलो नाही, चिखलात पोटावर पडून राहिलो. आणि कशामुळे? तर दुकानात एका साध्या प्रश्नाचं मला सरळ उत्तर देता आलं नाही म्हणून.

सुरुवात लॉकडाऊनची. ऑफिस डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला, पण आम्ही सगळे घरात. माझ्या टीममधला लियम हा विकलोच्या डोंगरातला, पिढीजात शिकारी. कॉलवर त्याच्या डोक्यामागे भिंतीवरची शिंगं दिसायची, त्यामुळे मीटिंगभर तोच बारशिंगा वाटायचा. एकदा तो म्हणाला, आमच्या क्लबात लांबवरच्या कागदावर नेम धरतात. वारा किती, हवा किती दाट, जाता जाता गोळी किती खाली येणार, सगळं गणित! आता गणित म्हटलं की माझं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. क्लब उघडल्यावर गेलो, चार गोळ्या झाडल्या आणि पार खुळावलो. ठरलं, आपली स्वतःची रायफल घ्यायची.

त्या वेळी घरात माझे सासरे होते. माझी बायको वैशाली, तिचे वडील. मी त्यांना मामा म्हणतो. कोल्हापूरचे. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे डून लेरीला आले आणि विमानंच बंद पडली हो! वर्ष उलटलं तरी मामा रोज समुद्रावर फिरून यायचे आणि माझी गूळ घातलेली आमटी गुपचूप जेवायचे.

माणूस सोन्यासारखा, पण लग्न ठरताना त्यांनी एक वाक्य टाकलं होतं. "जावई मटण खात न्हाई? मग खातोय तरी काय?" झालं! तेव्हापासून त्यांच्या नजरेत मी कायमचा अशक्त. जार उघडायचा असला तरी मला बाजूला सारून स्वतः उघडायचे. बाहेरून मी हसायचो, पण आतून फार लागायचं. एकदा तरी या माणसानं मला 'शाब्बास' म्हणावं, एवढंच मागणं होतं माझं.

तर आम्ही दुकानात गेलो. मी आणि लियम. दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "हंटिंग की टार्गेट?"

मला फक्त टार्गेट हवं होतं. पण त्यानं दोन काडतुसं समोर ठेवली आणि समजावत सुटला. एकाची गोळी लांब, निमुळती, वारा कापत जाणारी, कागदाला बारीक भोक पाडणारी. दुसरीचं टोक मऊ, म्हणजे जनावराला लागली की आत फुलते आणि ते जागेवर पडतं, तडफडत नाही. रायफलही त्याप्रमाणे, कागदासाठी जड आणि डोंगर चढायचा असेल तर हलकी.

आणि मी काय म्हणालो असेन?

"दोन्हीला चालेल असं नाही का काही?"

अहो, सवय! आपण शाळेचा युनिफॉर्म घेतो तो पुढच्या वर्षी होईल असा. सोफा घेतो तो पाहुण्यांना झोपता येईल असा. एवढे पैसे घालायचे आणि एकच उपयोग? जीवच धजावत नाही. दुकानदार म्हणाला, "एका कॅलिबरमध्ये, म्हणजे एकाच मापाच्या नळीत, जमेल, पण दोन्हीकडे थोडं थोडं कमी पडेल." मी म्हटलं, "ग्रँड!" म्हणजे तिकडचं 'झकास'. जड रायफल, तिच्यावर दुर्बीण लांबच्या नेमाची आणि काडतुसांचे दोन डबे, एक कागदाचा, एक हरणाचा. लायसन्सच्या अर्जावर कारण लिहिलं, दोन्ही.

इकडे लियमचे डोळे पाणावले! "मला वाटायचं, तू नुसता कागदवाला. अरे, आधी बोलायचं ना!" मग त्यानं मला कोर्स करायला लावला, काकाच्या जमिनीवर शिकारीची परवानगी काढली, पोलिसांकडे सोबत आला. प्रत्येक वेळी मी सांगणार होतो की बाबा रे, मला हरीण मारायचं नाही. पण समोरचा इतकं आपुलकीनं करतोय म्हटल्यावर जीभ रेटेना. मी आपला "ग्रँड, ग्रँड" करत राहिलो.

घरी वैशाली सहज बोलून गेली, "बाबा, हा शनिवारी हरणाला जातोय."

मामा खुर्चीतून उठलेच. "काय म्हणता जावईबापू! हरीण?"

आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावरून उडाला. पुढं काय विचारता! कोल्हापूरला फोन गेले. "आमचं जावई शिकारीला निघाल्यात, व्हय, बंदूक हाय की त्यांची!" येताना आणलेला घरचा कांदा-लसूण मसाला त्यांनी इतके दिवस पुरवून पुरवून वापरला होता, त्याची बरणी बाहेर आली. खोबरं भाजलं गेलं. जार उघडायला मला दिला! आता सांगा, अशा वेळी नाही कोण म्हणेल?

शनिवारी सकाळी विकलो. पाऊस, धुकं आणि कंबरेएवढं नेच्याचं रान. ती जड रायफल खांद्यावर घेऊन डोंगर चढताना मला दुकानदाराचा एकेक शब्द आठवत होता. शेवटी लियमनं खूण केली. आडवा पडलो. समोर हरीण, इथून त्या बिल्डिंगच्या गेटइतकं जवळ!

दुर्बिणीला डोळा लावला, तर नुसते तपकिरी केस. माझी दुर्बीण लांबचं मोठं करून दाखवणारी, तिच्यात हरीण मावेचना. जरा सरकवली तर कान. अजून सरकवली तर एक डोळा, काळाभोर, ओलसर, थेट माझ्याकडे बघणारा.

"मार," लियम कुजबुजला. मी काडतूस काढलं. त्यानं माझा हात पकडला.

"हे काय आणलंस?"

सवयीनं मी कागदाचा डबा उचलून आणला होता. निमुळती गोळी!

"हे आरपार जाईल," लियम म्हणाला. "हरीण जखमी होऊन पळेल आणि कुठेतरी तडफडत मरेल. मी नाही मारू देणार."

आमची कुजबुज ऐकून हरणानं मान वळवली आणि आरामात धुक्यात निघून गेलं. मला इतका आनंद झाला की मी चिखलातच लियमला मिठी मारली. मग मामा आठवले.

"लियम, माझे सासरे मसाला काढून बसलेत रे."

लियम हसून हसून नेच्यात बसला. पण मित्र खरा. काकाच्या घरी नेलं, मोठ्या फ्रीजरमधून हरणाची एक मांडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "मागच्या हंगामातली. पण सांगायची गरज नाही."

घरी येईपर्यंत गाडीत हीटर फुल्ल ठेवला. मांडी पुढच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. मी घामानं निथळलो, तिचा बर्फ काही वितळेना. ओट्यावर ठेवली तर 'ठक' असा आवाज आला.

मामांनी बोटानं टकटक करून पाहिलं. "लई ताजं दिसतंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरभर मसाल्याचा वास. तांबडा रस्सा ताटात आला. मी माझी आमटी घेणार, तोच मामा म्हणाले, "थांबा जावईबापू. पहिला तुकडा शिकार करणाऱ्यानं खायचा. आमच्याकडं मान असतोय त्यो."

मी वैशालीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती! मामांना खरं सांगावं तर 'शाब्बास' गेलं. खावं तर आयुष्यभराचं व्रत गेलं. आणि तुम्हाला खरं सांगतो, मी तुकडा उचलला. डोळे मिटले. तोंडाशी नेला.

मामांनी मनगट धरलं.

"ठेवा खाली. एक इचारू का? हितं थंडी असतीया, कबूल. पण सकाळी मारल्यालं हरीण दुपारपतूर दगड झालंच कसं?"

मी जे होतं ते सगळं सांगून टाकलं. काडतूस, दुर्बीण, डोळा, फ्रीजर. मामा पोट धरून हसले. मग आत गेले आणि एक वाटी माझ्यापुढे ठेवली. तोच लालभडक रस्सा, आत बटाटे.

"हे कधी केलंत?"

"तुमी बंदूक घिऊन निघाला, तवाच वैशालीला सांगितलं, बटाटं आणून ठेव म्हणून," मामा म्हणाले. "जेवा आता. आनि दुकानात परत गेला तर सांगा त्या दुकानदाराला, दोन्हीला चालंल असं आमच्याकडं एकच हाय. मसाला!"