वजन वाढलं की केमो

“पाणी काढू नका जी, डॉक्टर दीदी. वजन कमी होऊन जाईन माझं!” कुसुमकाकू दोन्ही हातांनी पोट झाकून बसल्या होत्या. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून बसूनच.

मी रायपूरच्या एका हॉस्पिसमध्ये डॉक्टर आहे. हॉस्पिस म्हणजे जिथे आजार बरा करत नाहीत, त्रास कमी करतात. काकूंना अंडाशयाचा कॅन्सर होता आणि पोटात पाणी भरत होतं. सुई घालून ते काढायचं, याला आम्ही टॅप म्हणतो. काम सोपं आहे. श्वास लगेच मोकळा होतो.

पण आमच्याकडे पाठवताना आधीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, वजन वाढलं की केमो सुरू करू. म्हणून मुलगा शहरातल्याच तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरून डबा आणून आग्रहाने भरवायचा आणि त्या उमासे आवरत तो संपवायच्या. रोज सकाळी वजनकाट्यावर उभ्या राहायच्या. वजन वाढतही होतं, पाण्यामुळे. काकू खूश होत्या. मला ती खुशी बघवत नव्हती.

पाठवणाऱ्या डॉक्टरांना मी फोन केला. “सर, केमोचं सांगून पाठवलंत?”

“नाही तर आल्या असत्या का तुमच्याकडे?”

मी फोन ठेवला आणि काकूंना खरं सांगायचं ठरवलं.

मुलगा मनोज हात जोडायला लागला. “मॅडम, मत बताइए. मम्मी टूट जाएगी.”

“आणि त्या श्वास कोंडून जातील, ते चालेल?” मी चिडलेच. तो रडला. मग म्हणाला, “आप ही बता दीजिए.”

मी काकूंच्या पलंगावर बसले. “काकू, केमो आता होणार नाही. वाढलंय ते पाण्याचं वजन आहे.”

त्या मनोजकडे वळल्या. “तुले माहीत होतं?”

त्याने मान खाली घातली.

“मंग मले जबरीनं भात काहून चारून राहिला होता रे?”

टॅप झाला. काकू कितीतरी दिवसांनी आडव्या झाल्या, भिंतीकडे तोंड करून. डबा भरलेलाच परत जाऊ लागला. मनोजशी त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. तो रोज येऊन पायाशी बसायचा. शेवट फार लांबही नव्हता.

पेशंट दुसऱ्याकडे पाठवता येतो. खरं सांगायचं कामही त्याच्यासोबत पाठवून दिलं, की ते असं उशिरा पोचतं.

वजनकाटा मी वॉर्डमधून काढून स्टोअरमध्ये ठेवला. परवा समता कॉलनीतल्या एक बाई दाखल झाल्या. पलंगावर टेकताच त्यांनी विचारलं, “दीदी, वजन कुठं करता जी इथं?”